भाजीपाल्याचा व्यवसाय आणि शेतकऱ्यांचे गट

(शेतकरी, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च २०२० च्या अखेरीस कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली, त्या दिवसांची आठवण गोव्यातील प्रत्येक कुटुंबाला आहे. चोर्ला आणि अनमोड या घाटांतून बेळगावची भाजी घेऊन दररोज उतरणाऱ्या वाहनांची ये-जा विस्कळीत झाली आणि कित्येक घरांतून काही दिवस भाजीवाचून स्वयंपाक करण्याची पाळी आली. त्याच सुमारास देशाच्या अनेक भागांत कोबी, टोमॅटो, फ्लॉवर यांसारखी पिके उचल नसल्यामुळे शेतातच सडून गेली. कित्येकांनी उभ्या पिकात नांगर घातला. एकीकडे खाणाऱ्याच्या ताटात भाजी नव्हती आणि दुसरीकडे पिकविणाऱ्याला गिऱ्हाईक नव्हते.

टाळेबंदी उठली, घाटातील वाहने पुन्हा धावू लागली आणि तो प्रसंग मागे पडला. परंतु त्या प्रसंगाने जे उघड केले ते मात्र विसरण्याजोगे नाही. पिकविणारा आणि खाणारा यांच्यामधील दुवा फार नाजूक आहे आणि तो तुटला की सर्वांत आधी मार बसतो तो एकट्या शेतकऱ्याला, ही ती गोष्ट होय. साथ नसतानाही हा मार त्याला थोडाथोडा बसतच असतो. भाव कोसळतो तेव्हा बसतो, मोटार वेळेवर येत नाही तेव्हा बसतो, तोलाई, हमाली, अडत आणि कडता वजा होऊन हाती पट्टी येते तेव्हाही बसतो. हा दुवा बळकट करण्याचे काम शेतकऱ्यांचे गट कसे करू शकतात आणि ते करताना कोठे ठेच लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

भाजी थांबत नाही

प्रथम भाजी या मालाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. भात कणगीत भरून ठेवता येते. सुपारी, नारळ, काजूची बी यांना काही काळ थांबता येते. भाव बरा नसेल तर त्यांचा मालक चार दिवस, प्रसंगी चार महिने वाट पाहू शकतो. भाजीचे तसे नाही. भेंडीचा तोडा एक दिवसाआड करावाच लागतो. तो चुकला तर शेंग जून होते, तिच्यात धागा धरतो आणि झाडाची पुढची फळधारणाही मंदावते. तांबडी भाजी सकाळी काढली तर संध्याकाळी मान टाकते. काढणीनंतरही भाजीचा श्वासोच्छ्वास चालूच असतो आणि तिच्यातील पाणी कमी होत जाते. जसजसे ऊन चढते तसतसे तिचे वजनही घटते आणि मोलही घटते.

ज्याला थांबता येत नाही त्याला भाव ठरविता येत नाही, हे बाजाराचे रोकडे सत्य आहे. भाजीची टोपली घेऊन बाजारात आलेल्या शेतकऱ्याला ती परत घरी नेणे परवडत नाही, हे घेणारा पुरते जाणून असतो. म्हणूनच सकाळी सात वाजता एक भाव आणि अकरा वाजता त्याच्या निम्मा भाव अशी स्थिती होते. शेतकऱ्याजवळ जमीन असते, पाणी असते, पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब असते. नसते ती थांबण्याची आणि निवड करण्याची शक्ती. ही शक्ती त्याला एकट्याने मिळविता येत नाही. ती गटानेच मिळते आणि तीही गट शिस्त पाळील तेव्हाच.

गटाची कल्पना परकी नव्हे

गटशेतीची कल्पना कोणी बाहेरून आणून गोव्याच्या माथी मारली आहे, असा समज असेल तर तो दूर करावयास हवा. खाजन शेतीचा बांध कोणा एकाला कधी बांधता आला नाही. भरतीचे खारे पाणी थोपविणारे बांध, पाणी आत-बाहेर सोडणारी मानस आणि त्यांची वेळच्या वेळी डागडुजी ही सारी कामे गावकारीच्या, म्हणजे पुढे कोमुनिदाद या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या एकत्रित व्यवस्थेतून होत आली. एकाच्या आळसाने बांधाला भगदाड पडले तर साऱ्यांच्या शेतात खारे पाणी शिरते, हे प्रत्येकाला ठाऊक असे. सहकार म्हणजे केवळ परोपकार नव्हे, तो ज्याच्या त्याच्या हिताचा व्यवहार आहे, हा धडा या भूमीने फार पूर्वी घेतलेला आहे.

शेजारच्या प्रदेशांतही ही परंपरा जुनी आहे. बडोद्यास १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली, तेव्हा सहकाराचा कायदाही देशात अस्तित्वात नव्हता. तो १९०४ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी आजच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ या गावी सिद्धनगौडा पाटील यांनी ग्रामीण पतसंस्था उभी केली. १९४६ मध्ये गुजरातेतील खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली दूध उत्पादकांचा संघ निर्माण झाला आणि दुधाच्या धंद्याचे रूपच पालटले. बंगळूरला १९५९ मध्ये द्राक्ष बागायतदारांनी सहकारी संस्था काढली आणि तीच पुढे फळे व भाजीपाला यांची विक्री करणारी मोठी संस्था झाली.

तथापि दुधाला जे साधले ते भाजीला तितक्या सहजतेने का साधले नाही, हा प्रश्न कोणी विचारील आणि तो योग्यच आहे. दूध ही एक वस्तू आहे. ते दररोज दोन वेळा ठरावीक वेळी निघते, त्यातील स्निग्धांश यंत्राने मोजता येतो आणि त्यावरून भाव ठरतो. भाजीच्या जाती अनेक, हंगाम वेगवेगळे, प्रतवारी डोळ्यांनी करावयाची आणि आज भरपूर तर उद्या काहीच नाही अशी तिची गत. त्यामुळे भाजीच्या गटाला दुधाच्या संस्थेपेक्षा अधिक आखणी, अधिक चोख हिशेब आणि परस्परांवर अधिक विश्वास लागतो.

गट कोणकोणती कामे करू शकतो

गटाचे पहिले काम म्हणजे लागवडीचे वेळापत्रक. एखाद्या वर्षी वांग्याला भाव मिळाला की पुढल्या वर्षी सारा गाव वांगी लावतो आणि सर्वांची वांगी एकाच आठवड्यात बाजारात येतात. गटाने बसून ठरविले की पाचजणांनी वांगी, चारजणांनी भेंडी, तिघांनी चवळी आणि उरलेल्यांनी तांबडी भाजी व मुळा लावावा, त्यातही दर पंधरवड्याने टप्प्याटप्प्याने पेरणी करावी, तर बाजाराला रोज थोडा थोडा माल मिळत राहतो आणि भाव सावरून धरता येतो. या कामाला एक पैसाही लागत नाही. लागते ती फक्त एकत्र बसण्याची तयारी.

दुसरे काम बी-बियाणे व रोपे यांचे. जातिवंत बियाणे, सेंद्रिय खत, कीडनाशके यांची एकत्रित खरेदी केल्यास दर कमी पडतो आणि दुकानदारही निकृष्ट माल देण्यास कचरतो. गटाची एकच रोपवाटिका असली तर रोपे एका वयाची व सशक्त मिळतात. जुन्या गोव्यात एला येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची किनारी शेतीसंबंधीची संशोधन संस्था आहे आणि उत्तर व दक्षिण गोव्यात कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तेथील तज्ज्ञांना एकेका शेतकऱ्याच्या मळ्यावर जाणे शक्य होत नाही. वीसजणांचा गट एका मळ्यावर जमला तर एका भेटीत वीसजणांचे काम होते.

तिसरे काम काढणी, निवड आणि बांधणीचे. माल बाजारात पोहोचण्याआधीच त्याचे नुकसान किती होते याची कल्पना पुष्कळांना नसते. टोमॅटो दूरच्या बाजारास पाठवावयाचा असेल तर रंग फिरू लागताच तोडला पाहिजे. पूर्ण पिकलेला टोमॅटो जवळच्या गिऱ्हाइकासाठीच ठेवावा. पालेभाजी ओली करून पोत्यात दाबून भरली की ती आतल्या आत तापते व कुजते. पोत्याऐवजी प्लॅस्टिकचे क्रेट वापरले तर दबून होणारी नासाडी वाचते. वरच्या थराला निवडक माल आणि खाली हलका माल लावण्याची जुनी खोड काहीजणांना असते. तिचा फायदा एकदाच होतो आणि तोटा कायमचा होतो. गटाने प्रत ठरवून दिली आणि ती सर्वांनी पाळली तर गटाच्या नावाचा क्रेट न उघडताही विकला जातो. हीच त्या गटाची खरी पत होय.

चौथे काम वाहतुकीचे. उदाहरणादाखल असे समजू की, एका वाड्यावरील दहा शेतकऱ्यांकडे प्रत्येकी ३० किलो भेंडी निघाली. प्रत्येकाने स्वतंत्र वाहन करून ३०० रुपये भाडे मोजले तर किलोमागे १० रुपये वाहतुकीतच गेले, शिवाय दहाजणांची सकाळ बुडाली. तोच ३०० किलो माल एका टेम्पोतून गेला आणि भाडे १,५०० रुपये पडले तर किलोमागे ५ रुपये खर्च येतो. एकच माणूस बाजारास जातो आणि उरलेले नऊजण मळ्यात कामास मोकळे राहतात. हा हिशेब ज्याने त्याने आपल्या गावच्या अंतराप्रमाणे व दराप्रमाणे मांडून पाहावा.

पाचवे काम विक्रीचे आणि वेळेवर पैसे देण्याचे. ३० किलो माल असणाऱ्याला उपाहारगृह, वसतिगृह किंवा मोठा दुकानदार दारात उभे करीत नाही. ३०० किलो माल दर दिवसाआड नेमाने देणाऱ्या गटाशी मात्र तो आठवड्याचा भाव आधी ठरवू शकतो. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळासारख्या संस्थेलाही विखुरलेल्या पन्नास घरांतून माल उचलण्यापेक्षा एका ठिकाणाहून उचलणे सोयीचे पडते. हैदराबाद आणि त्या परिसरात १९९९ पासून रयतु बाजार सुरू झाले, तेथे शेतकरी थेट ग्राहकाला भाजी विकू लागला. त्या व्यवस्थेचा लाभ मोठा, परंतु शेतकऱ्याने दिवसभर बाजारात बसावयाचे तर मळा कोणी पाहावयाचा ही अडचणही तितकीच खरी. गट असेल तर आळीपाळीने एकेकाने बसावे आणि सर्वांचा माल विकावा.

प्रक्रिया, शीतगृह, निर्यात या गोष्टी त्यापुढच्या होत. नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथे विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री ही शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी द्राक्षांच्या निर्यातीपासून पुढे जात टोमॅटोवरील प्रक्रियेपर्यंत पोहोचली. तिचे उदाहरण उमेद देणारे आहे. परंतु वीस शेतकऱ्यांच्या गटाने पहिल्या वर्षी कारखान्याचे स्वप्न न पाहता टेम्पो वेळेवर भरण्याचे स्वप्न पाहावे, हे अधिक हिताचे.

केरळचा दाखला

गोव्यासारखाच मुसळधार पाऊस, तशीच जांभ्याची जमीन, तशीच लहान लहान धारणक्षेत्रे आणि शेजारच्या राज्याच्या भाजीवर तसेच अवलंबून राहणे, ही परिस्थिती याच किनाऱ्यावरील केरळ राज्याचीही आहे. तेथे १९९३ मध्ये युरोपीय समुदायाच्या साहाय्याने फलोत्पादन विकासाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि २००१ मध्ये त्यातूनच भाजीपाला व फळे यांच्या वाढीसाठी स्वतंत्र परिषद स्थापन झाली. या कार्याचा पाया म्हणजे शेजारीशेजारी राहणाऱ्या सुमारे वीस शेतकऱ्यांचे स्वाश्रय संघ.

या संघांच्या रचनेतील एक गोष्ट विशेष अनुकरणीय आहे. प्रत्येक संघ आपल्यातूनच तीन प्रमुख शेतकरी निवडतो. एक उत्पादनाचे पाहतो, दुसरा विक्रीचे पाहतो आणि तिसरा कर्ज व पैशाचे पाहतो. सारी सूत्रे एकाच्या हाती राहत नाहीत आणि कामाची जबाबदारीही कोणाला टाळता येत नाही. असे अनेक संघ मिळून आपला बाजार चालवितात. शेतकऱ्यांनी व्यापाऱ्याच्या दारात जावयाचे नसून व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या बाजारात यावयाचे असते. माल एका जागी साठला असल्यामुळे व्यापाऱ्यालाही येणे परवडते आणि चार व्यापारी समोरासमोर असल्यामुळे भाव मोकळेपणाने ठरतो. व्यापाऱ्याला शत्रू न मानता त्याला समान पातळीवर आणण्याचा हा मार्ग आहे.

गट का मोडतात

आता मनाला न रुचणारी, परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयास हवी. मोठ्या उत्साहाने नारळ फोडून सुरू झालेले पुष्कळ गट दोन-तीन वर्षांत नामशेष होतात. कागदावर ते जिवंत असतात, मळ्यात मात्र त्यांचा मागमूस नसतो. असे का होते?

बहुधा त्याची कथा अशी असते. गटाने एका गिऱ्हाइकाशी भेंडीचा भाव किलोला ४० रुपये ठरविला. दोन आठवडे सर्व सुरळीत चालले. तिसऱ्या आठवड्यात बाजारात तुटवडा पडला आणि एक व्यापारी थेट मळ्याच्या बांधावर येऊन ४५ रुपये रोख देऊ लागला. कोणाला मुलाच्या शाळेची फी भरावयाची होती, कोणाला सोसायटीचा हप्ता. वीसांपैकी अकराजणांनी त्याला माल दिला. गटाचा टेम्पो अर्धा रिकामा गेला, भाड्याचा भार उरलेल्या नऊजणांवर पडला आणि गिऱ्हाइकाने विचारले, “ठरलेला माल कोठे?” पुढच्या आठवड्यात आवक वाढली, बाजारभाव २५ वर आला. आता अकराहीजण गटाकडे परतले. परंतु गिऱ्हाइकाने दुसरी सोय पाहिली होती. बांधावर येणारा व्यापारीही मग आला नाही, आणि आला तेव्हा त्याने २० रुपये देऊ केले.

यात त्या अकराजणांना केवळ लोभी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. ज्याच्या घरी आज रोख पैशाची निकड आहे त्याला उद्याच्या नफ्याची आशा थोपवू शकत नाही. गटाने पैसे पंधरा दिवसांनी द्यावयाचे आणि व्यापाऱ्याने तेथल्या तेथे मोजावयाचे, अशी स्थिती असेल तर शिस्तीचा उपदेश फोल ठरतो. म्हणून मुळावर उपाय केला पाहिजे. प्रत्येक विक्रीतून किलोमागे ठरावीक रक्कम बाजूला काढून गटाने लहानसा निधी उभारावा आणि माल घेताच निदान निम्मी रक्कम सभासदाच्या हाती ठेवावी. एकूण मालापैकी किती भाग गटाला द्यावयाचा आणि किती स्वतः विकावयाची मोकळीक, हे आरंभीच लेखी ठरवावे. सारा माल गटालाच दिला पाहिजे असा कठोर नियम करून तो रोज मोडला जाण्यापेक्षा, तीन हिस्से गटाला व एक हिस्सा स्वतःला असा पाळता येण्याजोगा नियम करणे शहाणपणाचे. नियम मोडणाऱ्याला काय शिक्षा हेही आधीच ठरलेले असावे आणि ती अध्यक्षाच्या भावाला व गरीब सभासदाला सारखीच लागू व्हावी.

गट मोडण्याचे दुसरे कारण हिशेबातील अंधार. टेम्पोला किती गेले, तोलात किती घट आली, भाव काय मिळाला, हे दर आठवड्याला सर्वांसमोर वाचून दाखविले नाही तर संशय उत्पन्न होतो. अध्यक्ष प्रामाणिक असला तरी न सांगितलेला हिशेब आणि खोटा हिशेब यांत लोकांना फरक करता येत नाही. तिसरे कारण अनुदान. केवळ यंत्र, पंप किंवा जाळीघर मिळावे म्हणून जमलेली माणसे वस्तू पदरात पडताच पांगतात. जो गट अनुदानाआधी एक हंगाम एकत्र माल विकून दाखवितो, त्याच्याच हाती अनुदान टिकते.

नोंदणी आणि शासकीय साहाय्य

गटाने कोणते रूप घ्यावे याबद्दल शेतकऱ्यांच्या मनात संभ्रम असतो. आरंभी पंधरा-वीसजणांचा साधा गट, बँकेत एक खाते आणि एक नोंदवही एवढे पुरेसे आहे. व्यवहार वाढला की सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी असे मार्ग मोकळे आहेत. अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीने केलेल्या शिफारशींच्या आधारे २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची तरतूद झाली. दहा किंवा अधिक उत्पादक मिळून अशी कंपनी स्थापन करू शकतात. तिचे सभासद फक्त उत्पादकच असतात आणि कोणी कितीही भाग घेतले तरी प्रत्येक सभासदाला मत एकच असते. भांडवलवाल्याने संस्था गिळू नये म्हणून केलेली ही योजना आहे.

केंद्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० रोजी देशात दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना सुरू केली. सपाट प्रदेशात किमान ३०० आणि डोंगराळ व ईशान्येकडील भागांत किमान १०० सभासदांची अट ठेवण्यात आली. प्रत्येक संघटनेला कारभाराच्या खर्चासाठी तीन वर्षांत मिळून कमाल १८ लाख रुपये आणि सभासदांनी घातलेल्या भागभांडवलाइतकेच पूरक अनुदान, सभासदामागे कमाल २,००० रुपये व संघटनेमागे कमाल १५ लाख रुपये, असे ठरले. त्याच वर्षी सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून निवडणी केंद्रे, शीतगृहे यांसाठी दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजात तीन टक्क्यांची सवलत देण्याची तरतूद झाली.

येथे तीन वर्षे या शब्दांकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. साहाय्याची मुदत संपते तेव्हा चौथे वर्ष उजाडते. व्यवस्थापकाचा पगार, कार्यालयाचे भाडे, हिशेब तपासनिसाची फी ही त्या वर्षीही द्यावीच लागते. तो खर्च भाजीच्या विक्रीतून निघत नसेल तर संघटना टिकणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून चौथ्या वर्षाचा विचार करणारा गटच खरा दूरदर्शी होय.

आपल्या मातीचा माल

बेळगावच्या कोबीशी व बटाट्याशी गोव्याने चढाओढ करावी, असे कोणी सुचविणार नाही. तेथील हवा, जमीन व क्षेत्र निराळे आहे. बेळगावचा शेतकरीही काही वेगळ्या दैवाचा नाही. त्यालाही आडत्याकडून त्याच पट्ट्या मिळतात आणि गटाची गरज त्यालाही तितकीच आहे. घाटाच्या दोन्ही बाजूंच्या गटांनी एकमेकांशी थेट व्यवहार केला तर दोघांचेही कल्याण होईल.

गोव्याचे बळ निराळ्या ठिकाणी आहे. आगशीची वांगी, पावसाळ्यात मोरड जमिनीवर येणारी भेंडी, काकडी व दोडकी आणि भातानंतर वायंगणाच्या दिवसांत पिकणारी चवळी, तांबडी भाजी, मुळा व मिरची यांची चव गिऱ्हाईक ओळखून मागते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी भाजीच्या टोपलीपाशी होणारी गर्दी याची साक्ष देईल. काणकोण तालुक्यातील खोलच्या मिरचीला २०१९-२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते मिरची पिकविणाऱ्यांच्या समूहाने एकत्र येऊन अर्ज केल्यामुळे. असे मानांकन कोणा एका शेतकऱ्याला मागता येत नाही, ते समूहालाच मागावे लागते. आपल्या मालाचे नाव राखणे हेही गटाचेच कार्य आहे, हे यावरून ध्यानात यावे.

भगिनींचे स्थान, शिक्षकांचे व अधिकाऱ्यांचे कर्तव्य

गोव्यातील कोणत्याही बाजारात भाजी विकावयास बसलेल्यांत स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरते. पेरणी, खुरपणी, तोडणी, जुडी बांधणे आणि विक्री ही कामे त्यांच्याच हातून होतात. परंतु जमिनीच्या उताऱ्यावर नाव बहुधा पतीचे किंवा सासऱ्याचे, आणि सभासदत्व उताऱ्याच्या आधारे दिले जाते. ज्या बाईला गिऱ्हाइकाची पारख आहे, भावाची नस ठाऊक आहे, तीच सभेत नसते. गटाने आपल्या नियमांत प्रत्यक्ष कसणाऱ्या स्त्रीला सभासद करून घ्यावे आणि विक्रीची जबाबदारी तिच्याकडे सोपवून पाहावी. हा उपकार नव्हे, यात गटाचाच लाभ आहे.

शिक्षकांकडे गाव विश्वासाने पाहतो. गटाची नोंदवही कशी लिहावी, जमा-खर्च कसा मांडावा, नियमावलीचा अर्थ काय, हे समजावून देण्याचे काम शिक्षक सहज करू शकतात. वरच्या वर्गातील मुलांनी आपल्याच घरच्या भाजीचा हंगामाचा हिशेब मांडला तर गणिताचा धडाही होईल आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नफातोट्याचे चित्रही उभे राहील.

अधिकाऱ्यांनी आपल्या कामाचे माप बदलणे इष्ट आहे. वर्षात किती गटांची नोंदणी झाली, या आकड्यापेक्षा तीन वर्षांपूर्वी नोंदलेल्यांपैकी किती गट आज एकत्र माल विकत आहेत, हा आकडा अधिक बोलका आहे. कुळांना व दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना कागदपत्रांअभावी योजनेपासून दूर राहावे लागते, त्यांच्यासाठी नियमांच्या चौकटीत मार्ग शोधणे हेही अधिकाऱ्याच्याच हाती असते.

समारोप

बंधुभगिनींनो, पडीक राहिलेली शेते आज गोव्याच्या अनेक गावांत दिसतात. तरुण मुलगा शेतीकडे पाठ फिरवितो तो कष्टाला भिऊन नव्हे. वडिलांनी पहाटे उठून काढलेली भाजी अकरा वाजता मातीमोल झालेली त्याने पाहिलेली असते, म्हणून तो पाठ फिरवितो. त्याला शेतात परत आणावयाचे असेल तर घामाचे मोल मिळण्याची खात्री त्याला दिसली पाहिजे. ती खात्री कोणतेही खाते एकट्याने देऊ शकत नाही. खाते साहाय्य देईल, तज्ज्ञ सल्ला देतील, बँक कर्ज देईल. परंतु ठरलेल्या सकाळी ठरलेला माल ठरलेल्या जागी आणून ठेवणे हे वीसजणांनी स्वतःच करावयाचे आहे.

तेव्हा आरंभ लहानच असो. एका वाड्यावरील दहा घरांनी येत्या हंगामाआधी एका संध्याकाळी एकत्र बसावे, कोणी काय लावावयाचे ते ठरवावे, एक वही घालावी आणि एक हंगाम ठरल्याप्रमाणे वागून पाहावे. हंगामाच्या शेवटी वही उघडून काय मिळाले, काय चुकले ते सर्वांसमोर वाचावे. खाजनाचा बांध एका दिवसात उभा राहिला नाही आणि तो टिकला तो रोजच्या देखरेखीमुळे. शेतकऱ्यांच्या गटांचेही तसेच आहे.